आखाजीच्या घागरी आणि बिनब्रेकची सायकल

माणसाने आपल्याला जे येतं त्याचाच धंदा करावा, असं माझे वडील म्हणत. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. मला नीट येत होतं ते फक्त बोलणं, आणि बोलण्याचं दुकान त्या काळी वकील सोडून कुणाला काढता येत नसे. म्हणून मी सायकलींचं काढलं.

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या पाच-सहा वर्षं आधीची. आमच्या शहाद्यात तेव्हा सायकल भाड्याने मिळते हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मी नंदुरबारहून चार जुन्या सायकली आणल्या. त्याही बैलगाडीत घालून, कारण मला तेव्हा सायकल चालवता येत नव्हती. गोमाईच्या कोरड्या वाळूत महिनाभर पडलो, मग येऊ लागली. वेशीकडच्या चढावर एक खोली घेतली आणि 'येथे सायकली भाड्याने मिळतील' अशी पाटी रंगवली. पाटी शाळेतल्या भाषेत होती आणि गाव बोलायचं अहिराणी. त्यामुळे पहिले पंधरा दिवस लोक पाटी वाचून आत यायचे आणि विचारायचे, "काय भेटस आठे?" म्हणजे, इथे मिळतं काय?

चारांपैकी एक सायकल मी खास सजवली होती. हिरवा रंग, मुठींना लाल गोंडे, दोन घंटा. पुढच्या चाकाच्या कडेवर मी पिवळी नक्षी काढली. ती वाळल्यावर ब्रेक दाबून पाहिला, तर ब्रेकच्या रबराने नक्षी खरवडून निघाली. दुसरा कुणी असता तर त्याने नक्षी पुसून टाकली असती. मी ब्रेक काढून टाकला आणि नक्षी पुन्हा रंगवली. मागचा ब्रेक होता. म्हणजे होता असं म्हणायचं; तो दाबला की सायकल थांबायची नाही, नुसती कण्हायची.

दुकान काढून दोन-अडीच महिने झाले असतील, तेव्हा सुरतेकडचा एक विमा एजंट आला. काळा कोट, कातडी पिशवी, आणि निम्मी गुजराती मिसळलेलं मराठी. मला विम्याचं फार आकर्षण. आपली मालमत्ता विमा उतरवण्याइतकी आहे, हे ऐकायलाच किती बरं वाटतं! मी आगीचा आणि चोरीचा विमा लगेच घेतला. सही केली ती पूर्ण नावानिशी, लांबलचक, केवळ अभिमानाने.

एजंट म्हणाला, "शेठ, आनी एक छे. तमारी सायकलने कोणाचा नुकसान केला, तर त्याचा पण विमा असतो."

"दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा मी कशाला काढू?"

"भरपाई तर तमारे करवी पडे ना."

मी दुकानासमोर बसलेल्या दोघा-तिघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अहो, सायकल काय बैल आहे, कुणाला शिंग मारायला?"

सगळे हसले. एजंटही हसला, पण हसता हसता पिशवीचा बंद त्याने जरा सावकाश लावला. 'परत येईन' म्हणाला आणि गेला.

मग आखाजी आली.

जे खानदेशातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अक्षय्य तृतीया, आमची आखाजी, म्हणजे आमच्याकडे दिवाळीपेक्षा वरचा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात, आणि त्या दिवशी घरोघर पितरांना घागर भरतात. घागर नवीच लागते, मातीचीच लागते. ती पाण्याने भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं आणि पूजा करायची. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलेलं असेल त्या घराला तर ती घागर चुकवून चालतच नाही. तेव्हा गावातल्या प्रत्येक घराला एक घागर, आणि ती देणारा गावात एकच: आमचा कुंभारआबा. त्याचे वर्षाचे दाणे घरांशी बांधलेले होते. त्या बदल्यात आखाजीला तुमची घागर तयार असणार, हा त्याचा शब्द होता, त्याच्या आधी त्याच्या बापाचा होता.

आखाजी चार दिवसांवर होती. बाजाराचा दिवस. कुंभारआबाने उताराच्या तळाशी निंबाखाली घागरींची रास लावली होती. कंबरेइतकी उंच, लालभडक, आणि तिच्या मागे आबा स्वतः, गुडघ्यांत हनुवटी घालून बसलेला. माझ्या दुकानातून ती रास सरळ रेषेत दिसायची. हे आज आठवतं. तेव्हा मला फक्त ती छान दिसते एवढंच वाटलं होतं.

अकराच्या सुमारास गावचे एक नवे जावई दुकानात आले. दोंडाईच्याकडचे. बायकोला पोचवायला आलेले आणि सासुरवाडीच्या पाहुणचाराला कंटाळलेले. कडक इस्त्रीचं धोतर, पिवळा फेटा, कानात अत्तराचा बोळा.

"या पाव्हना, बठा," मी म्हणालो.

"बठाना नही भो. एक सायकल दे. ती हिरवी दे."

आता इथे दोन प्रश्न विचारायला हवे होते. पहिला: तुम्हाला चालवता येते का? दुसरा, खरं तर प्रश्न नाही, कबुली: हिला ब्रेक नाही. पण आमच्याकडे जावई हा एका घराचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो. त्याला 'येतं का?' म्हणून विचारणं म्हणजे त्याच्या सासऱ्याच्या पगडीला हात घालणं. आणि जावयाच्या हाती आपण मोडकी वस्तू देतोय हे आपल्याच तोंडाने सांगायचं, म्हणजे गावाची लाज काढायची. मी दोन्ही गिळलं. वर स्वतःच्या उपरण्याने सीट पुसून दिली.

पाव्हण्यांनी सायकल धरली तेव्हाच मला कळलं. ज्याला येतं तो माणूस सायकल बगलेला घेतो. यांनी तिला शिंगांनी धरलं होतं. चढून बसायला त्यांना दोन माणसांचे खांदे लागले. त्यातला एक खांदा माझा. मग उताराने आपलं काम केलं.

पहिल्या वीस पावलांत ते फार रुबाबदार दिसले. त्यानंतर दोन्ही घंटा एकदम वाजू लागल्या आणि थांबेनात, कारण पाव्हणे घंटांनाही ब्रेक समजून दाबत होते. मागच्या ब्रेकचं कण्हणं मला चढावर ऐकू येत होतं. मी ओरडलो, "पाय टेका, पाव्हना, पाय!" त्यांनी दोन्ही पाय वर घेतले.

जो आवाज झाला तो मी अजून विसरलो नाही. एक घागर फुटते तेव्हा 'फट' होतं. शंभरेक घागरी एकदम फुटल्या की फुटण्याचा आवाज येतच नाही. वाळूची गाडी रिकामी केल्यासारखा एक लांब खळखळाट येतो, आणि मग शेवटी कुठेतरी एक घागर गडगडत जाते, जिला सगळ्यांपेक्षा उशिरा कळलेलं असतं.

पाव्हण्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. खापऱ्यांच्या ढिगावर ते फेट्यासकट बसले होते. मी धापा टाकत पोचेपर्यंत चार बायका त्यांना वारा घालत होत्या, एकजण पाणी पाजत होती. "लागनं का पाव्हना? बठा, उठू नका." कुणीही त्यांना शब्दाने दुखावलं नाही. गर्दीची सगळी नजर हळूहळू त्यांच्यावरून उठली, हिरव्या सायकलीवर गेली, आणि मग माझ्यावर येऊन थांबली.

"ब्रेक कोठे शे इना?" सोडावॉटरवाला सायकल उचलून म्हणाला.

मला नक्षीची गोष्ट सांगवेना.

कुंभारआबा उठला नव्हता. तो एकेक खापरी उचलून पाहत होता. मी त्याच्यापुढे उकिडवा बसलो. "आबा, मी भरून देतो. तू सांगशील ते देतो. सायकली विकतो."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "पैसास्नं मी काय करू रे भाऊ? आखाजीले लोके मन्हा दारशी येतीन. त्यासले काय पैसा देऊ पुजाले?"

त्याची बायको मात्र शांत नव्हती. "लिखापढा मानूस शे ना तू? पाटी लिखता येस, बिरेक लावता नही येस?"

"नव्या घागरी करता येणार नाहीत का?" मी विचारलं.

"माटी भिजाडाले दोन दिन. मंग घडाव्यात, मंग सुकाडाव्यात, मंग भट्टी. आखाजी काय तुन्ही वाट देखी का?"

मी दुकानात आलो, पेटी उघडली आणि विम्याचा कागद काढला. आग होती. चोरी होती. बारीक अक्षरांत दंगाधोपा होता, विजेचा लोळ होता. आकाशातून काही पडलं तर माझ्या सायकलींचं काय होईल याची त्या कागदाला फार काळजी होती. माझी सायकल कुणावर पडली तर काय, याबद्दल तो गप्प होता. आणि त्याचा काही दोष नव्हता. एजंटने विचारलं होतं, मीच बैलाचा विनोद केला होता.

घरी गेलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. आई चुलीपुढून म्हणाली, "आपला घरम्हा बी घागर नही आते." आमच्या घरातून त्या वर्षी माझे थोरले काका गेले होते. म्हणजे ती चुकवता न येणारी घागर आमचीही होती.

आप्पा ओसरीवर सुतळी वळत होते. मी म्हणालो, "आसपासच्या गावांतल्या कुंभारांकडून गोळा करून आणतो. गाडी-बैल द्या."

"सायकली शेतस ना तुन्ह्या? चार-चार शेतस. बांध त्यास्वर घागरी."

आप्पांनी सुतळीची गाठ मारली, उठले, आणि बैलांना वैरण टाकायला गेले. आमच्या घरात होकार असाच असायचा.

पहाटेच निघालो. गाडीत कडब्याचा जाड थर, हातात आप्पांचा चाबूक, जो त्यांनी 'बैलेसले मारू नको, सोताले मार' असं सांगून दिला होता. पहिलं गाव ब्राह्मणपुरी. तिथला कुंभार माझं ऐकून घेत होता आणि चाक फिरवत होता.

"ह्या घागरी मन्हा गावन्या शेतस. तुले दिध्यात तर मन्हा गावले काय देऊ?"

बरोबरच होतं. मी जोडे घालायला लागलो.

"कोन्या फुटन्यात म्हने?"

मी नाव सांगितलं. मग तो विचारील म्हणून आपणच सांगितलं, की माझ्या सायकलने फोडल्या.

"सायकल आंधळी व्हती का?"

"सायकल चांगली होती. मालक आंधळा होता."

त्याचं चाक थांबलं. तो हसला, आत गेला आणि कोपऱ्यातून पाच घागरी आणून ठेवल्या. "ह्या फुटतुटन्या," तो म्हणाला. कसल्या? तर प्रत्येक कुंभार आखाजीला जितकी घरं तितक्याच घागरी करत नाही. चार-पाच जास्त करतो. एखादी भट्टीत तडकते, एखादी गाडीवरून पडते, एखाद्या घरची पोरं भरायच्या आधीच फोडतात. त्या फुटतुटीच्या. त्यातल्या बऱ्याचदा उरतात आणि मग उन्हाळ्यात पाण्याला जातात.

"आते लागनार नहीत तुम्हाले?" मी विचारलं.

"एक ठेवी शे मी. बाकीन्या ली जा. मन्हं फुटनं तर मले तुमना कुंभार दी."

त्या वाक्याच्या जोरावर मी दिवसभर गाडीच्या पुढे चालत होतो. अक्षरशः पुढे, कारण घागरी भरलेल्या गाडीत बसायची माझी छाती नव्हती. वाटेतले दगड मी उचलून बाजूला टाकत होतो आणि बैल माझ्याकडे, आपला धनी हा नव्हे, अशा नजरेने पाहत होते. त्या गावातून पाच, पुढच्यातून चार, तापीकाठी प्रकाशाला सात. एका गावात कुंभारणीने आधी माझी यथासांग खरडपट्टी काढली, मग तीन घागरी दिल्या, आणि एक परत घेतली, 'इतका शहाना मानूस वाटेत एक फोडीनच' म्हणून. मी दुसऱ्या दिवशी एकही खापरी नसलेली रिकामी गाडी दाखवायला गेलो तेव्हा तिने परत घेतलेली ती दिली आणि वर चौथीही दिली. खरंच एकही फुटली नव्हती. आयुष्यात मी इतक्या काळजीने कधी काही केलं नाही. लग्नात बायकोला घरी आणतानासुद्धा नाही.

तीन दिवस, दोन फेऱ्या रोज. कुणाचंही फार गेलं नाही. कोणत्याच गावाची घागर चुकली नाही. ज्याच्याकडे पाच जास्त होत्या त्याने चार दिल्या. एकट्या माणसाची कंबर मोडणारा ढीग पंधरा-वीस गावांत असा वाटला गेला की कुठेच जड झाला नाही. गाडीपुढे चालता चालता माझ्या डोक्यात लख्ख पडलं: अरे, हाच तर तो कागद! काळ्या कोटातला एजंट हेच विकायला आला होता. सगळ्यांच्या फुटतुटीच्या घागरी एका कोपऱ्यात ठेवायच्या, आणि ज्याच्या हातून फुटेल त्याला तिथून द्यायच्या.

आणि आणखीही एक कळलं, जरा उशिरा. हे सगळं कुंभारआबाच्या नावावर मिळालं होतं, माझ्या नाही. गाडी-बैल आप्पांचे. पुण्याई आबाची, तीन पिढ्यांची, त्याला माणसं ओळखत होती. मी बाजारात अडीच महिन्यांचा. उद्या माझ्या सायकलीखाली घागरीऐवजी कुणाचा पाय आला असता, तर मी कोणत्या गावी जाऊन फुटतुटीचे पाय मागणार होतो? नव्या धंदेवाल्याकडे चार वस्तू असतात, एक पाटी असते, आणि आपल्या हातून काय काय होऊ शकतं याची त्याला काडीची कल्पना नसते. जुन्याने निदान दहा वेळा फोडलेलं असतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटची गाडी कुंभारआबाच्या दारी लागली. त्याने आणि त्याच्या बायकोने घागरी उतरवल्या. प्रत्येकीवर तो बोटाने टिचकी मारून ऐकत होता. कुणाची कुठली माती हे तो आवाजावरून सांगत होता. घरं मोजून झाली. आबाने पुन्हा मोजली.

एक कमी होती.

"कोनं घर ऱ्हायनं?" बायकोने विचारलं.

मी म्हणालो, "आमचं." दुसरं काय म्हणणार होतो? घरी आईला काय सांगायचं याचा विचार करत मी बैल जुंपू लागलो.

आबा उठून मागच्या दारी गेला आणि एक घागर घेऊन आला. काठाला नखाएवढा टवका उडालेला, बाकी धड. ती त्या दिवशी सगळ्यात शेवटी गडगडत गेली होती, थेट नालीपर्यंत.

"ही त्या ढिगम्हानी," तो म्हणाला. "कोनाले देता येवासारखी नही. पन तुन्हा काकाले चाली. त्याले म्हना, पुतन्यानी करामत शे."

दुसऱ्या दिवशी आईने टवक्याची बाजू भिंतीकडे करून घागर भरली, वर डांगर ठेवलं. आप्पांनी हात जोडले आणि काकांना काय सांगितलं कोण जाणे. पण सांगताना त्यांच्या मिशा हलत होत्या.

पंधरा दिवसांनी एजंट आला. त्याने सगळं नंदुरबारच्या स्टेशनावरच ऐकलं असावं, कारण तो दुकानात शिरताना जरा वाकूनच शिरला. मी त्याला बोलू दिलं नाही. सोडावॉटरवाला, पिठाची गिरणी नव्याने काढलेला आणि शिंपी अशा तिघांना हाक मारून बसवलं आणि मीच सुरू केलं. "सोड्याची बाटली फुटून कुणाच्या डोळ्यात काच गेली तर? गिरणीच्या पट्ट्यात कुणाचा पदर अडकला तर?" शिंपी म्हणाला, "मन्ही सुई कोनाले मारस?" मी म्हणालो, "मीही बैलाचं असंच म्हणालो होतो."

मग त्यांना फुटतुटीच्या घागरींची गोष्ट सांगितली. सोडावॉटरवाला ऐकून म्हणाला, "म्हंजे मन्ही घागर मी आजच दीसन ठेवानी. आनि कोनी फुटनी नही तर?"

"तर आनंद आहे. तुझी दुसऱ्याच्या कामी येईल."

"आनि फोडी मी मुद्दाम तर?"

एजंट घाईने म्हणाला, "मुद्दाम फोडलेली चालत नाही. आनी ब्रेक नसेल तर पण चालत नाही, शेठ. कागदावर लिहिलेला छे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हिरवी सायकल भिंतीशी उभी होती. पुढच्या चाकाला नवा ब्रेक होता, आणि नक्षी पार खरवडून निघाली होती.

मी आणि गिरणीवाल्याने त्याच दिवशी सही केली. सोडावॉटरवाल्याने आठ दिवसांनी, एक बाटली त्याच्या स्वतःच्याच कानाजवळ फुटल्यावर. शिंपी शेवटपर्यंत सुईवर ठाम राहिला.

पुढच्या आखाजीला ते जावई पुन्हा आले. बाजाराचाच दिवस, निंबाखाली नवी रास, तोच पिवळा फेटा.

"हिरवी दे भो," ते म्हणाले.

मी हात जोडले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "पाव्हना, चालाडता येस का?"

जावयांनी मिशीवरून बोट फिरवलं. "सालभर शिकी ऱ्हायनू," ते म्हणाले. "मन्हं सोड. तुन्हा बिरेक लागस का?"

उताराच्या तळाशी कुंभारआबाने पाव्हण्यांना सायकल धरताना पाहिलं. तो उठला आणि दोन्ही हात पसरून राशीपुढे उभा राहिला. पाव्हणे निघाले. पेटीत कागद होता, चाकाला दोन ब्रेक होते, तरी मी डोळे मिटून घेतले. घंटा एकदाच वाजली. मग रबर चाकाला घासल्याचा एक लांब, सुंदर, खरखरीत आवाज आला, आणि त्यानंतर काहीच आवाज आला नाही.

डोळे उघडले तेव्हा हिरवी सायकल आबाच्या हातभर अलीकडे उभी होती. आबाने हात खाली घेतले, राशीतली एक घागर उचलली, टिचकी मारली, कान लावून ऐकली, आणि समोरच्या बाईला म्हणाला, "ले माय. पक्की शे."